पाहुण्याचा ठिपका

कागदाला कोणी उघडं बोट लावलेलं हर्षदा लुडबेला अजिबात खपत नसे. मालवणच्या स्मृती-तपासणी केंद्रात नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती पहिल्याच दिवशी एक कोरा कागद द्यायची. "साबणानं हात धुऊन या आणि हा धरा," म्हणायची. मग त्याच कागदावर निनहायड्रिन नावाचं रसायन फवारून तो तापवायची. थोड्याच वेळात कोऱ्या कागदावर जांभळी बोटं उमटत, अगदी रेषांसकट. "हा तुमचा घाम. घामात अमिनो आम्लं असतात आणि आपण इथं अमिनो आम्लंच शोधतो. आता ग्लोव्हज घाला." एवढं पाहिल्यावर माणूस पुन्हा चुकत नसे. केंद्रातले लोक पाठीमागे तिला सोवळेबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तंत्र तसं जुनंच, जवळपास शंभर वर्षांपूर्वीचं. गाळण-कागदाच्या खालच्या कडेपासून थोडं वर नमुन्याचा थेंब ठेवायचा, वाळवायचा आणि कागद उभा टांगून त्याची कड द्रावकात बुडवायची. समईची वात तेल ओढते तसा कागद द्रावक वर ओढतो. थेंबातली अमिनो आम्लंही त्याच्याबरोबर वर निघतात, पण सगळी सारखी चालत नाहीत. कागदाच्या तंतूंमध्ये पाणी मुरलेलं असतं. ज्याला त्या पाण्याची ओढ जास्त ते खाली रेंगाळतं, ज्याला द्रावकाची ओढ जास्त ते वर जातं. सेरीन आणि ग्लायसीन तळाशी, त्यांच्यावर अ‍ॅलानीन, मग टायरोसीन, व्हॅलीन आणि वरच्या टोकाला ल्युसीन. कागद आणि द्रावक बदलले नाहीत तर प्रत्येकाची जागा ठरलेली. डोळ्यांना मात्र यातलं काहीच दिसत नाही, कारण ही सगळी मंडळी बिनरंगी. निनहायड्रिन फवारून तापवलं की ती जांभळ्या ठिपक्यांच्या रूपानं प्रकट होतात. प्रोलीन तेवढं पिवळं.

ल्युसीनच्या वर सहसा कोणी जात नाही. पण काही वर्षांपूर्वी तिथं एक ठिपका सापडला. मेंदूतल्या एका प्रथिनाची मोडतोड सुरू झाली की त्यातून हे नेहमीच्या यादीत नसलेलं अमिनो आम्ल सुटतं आणि रक्तात, लाळेत, घामात किंचित किंचित उतरत राहतं. माणूस पहिली किल्ली विसरण्याच्या आठ-दहा वर्षं आधीपासून. मोठ्या यंत्रांना ते सापडायचं, पण ती यंत्रं मोठ्या शहरांत. मग कोणीतरी असा कागद तयार केला की जो त्याचा कणभर अंशही धरून ठेवी आणि गर्द उमटवी. कागद स्वस्त, त्याला वीज लागत नाही, आणि कोर्टातल्या न्यायाधीशाला आपल्या डोळ्यांनी बघता येतो. त्या ठिपक्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं.

पाहुणा सापडला पण त्याला घालवायचा उपाय सापडला नाही, आणि कायदा मात्र लगेच आला. पंचेचाळिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी. ज्याच्याकडे पाहुणा आला त्याला बस, होडी, क्रेन चालवता येणार नाही, शस्त्रक्रिया करता येणार नाही, जमिनीच्या कागदावर एकट्यानं सही करता येणार नाही. या केंद्रात कागदही वाचता येणार नाही. अपघात कमी झाले, हे खरं. स्थळं बघताना लोक मुलीच्या आईबापांचे दाखले मागू लागले, हेही खरं. हर्षदाच्या हातून कितीतरी जणांकडे पाहुणा आला होता. कोणी रडलं, कोणी भांडलं, एकानं तिच्या टेबलावर नारळ फोडला. ती सगळ्यांना एकच सांगे, "मी काही करत नाही. कागद सांगतो ते मी वाचते."

तिचा भाऊ रूपेश तिच्याहून चार वर्षांनी लहान. खाडीत फेरी चालवायचा. खाडीपलीकडच्या पाटखोलची मुलं त्याच्याच होडीतून अलीकडच्या हायस्कुलात येत. पलीकडे जायला दुसरा रस्ता म्हणजे तासभराचा वळसा. यंदा सरकारनं फेरीसाठी नवी विजेवरची लाँच मंजूर केली होती आणि तिच्या सुकाणूसाठी रूपेशचं नाव पुढे होतं. फक्त नारळी पौर्णिमेच्या आत स्मृतीचा दाखला हवा होता. हर्षदानं लग्न केलं नव्हतं, रूपेशची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. एकमेकांवाचून दोघांना तसं जवळचं कोणी नव्हतं, आणि हे दोघांपैकी कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

नात्यातल्या माणसाचा कागद दुसऱ्यानं वाचावा असा नियम, म्हणून वाचण्याचं काम तिची सहकारी प्राची करणार होती. पण नमुना घ्यायला रूपेशला बहीणच हवी होती.

"ताये, सुई बारीक आसा मा?" खुर्चीत बसताच त्यानं विचारलं.

"लाटांत होडी घालतस आणि सुयेक भियातस?"

"लाट येताना दिसता गो. सुई दिसणा नाय."

तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि बोलता बोलता टोचून टाकलं. थेंब नळीत उतरवला. बोटाला पट्टी लावायला घेतली तर ती ग्लोव्हलाच चिकटू लागली, तेव्हा वैतागून तिनं उजवा ग्लोव्ह काढून टाकला आणि पट्टी नीट बसवली. टेबलाच्या कडेला त्याच्या नावाचे दोन कोरे कागद मांडून ठेवले होते. प्रत्येक नमुना दोन कागदांवर चालवायचा, असाच प्रघात होता.

"काय वायट दिसला तर माका सांगतलंस मा?" रूपेश उठता उठता म्हणाला. त्याचं कोपर टेबलाला लागलं आणि एक कागद सरकून खाली तिच्या पायावर पडला.

"कागद सांगात तां सांगतलंय," ती म्हणाली. कागद उचलून तिनं कपाळाला लावला आणि जागेवर ठेवला. "आता जा. पोरां खोळंबली असतीत."

तो गेला. हर्षदानं नवे ग्लोव्हज चढवले, दोन्ही कागदांवर थेंब ठेवले आणि ते कपाटात टांगून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची दोन कागद चिमट्यात धरून तिच्या खोलीत आली. प्राची चाळिशीची, कामाला चोख, पण तिचा चेहरा लगेच वाचता यायचा.

"ताई, रूपेशदादांचे आलेत. एक कागद स्वच्छ आहे." तिनं दुसरा पुढे केला. "दुसऱ्यावर पाहुणा आहे."

इतक्या लोकांना हर्षदानं ही बातमी दिली होती, पण ती ऐकताना कसं वाटतं याची तिला काहीच कल्पना नव्हती. तिनं कागद उजेडापुढे धरले. ल्युसीनच्या वर, तळहातभर मोकळ्या जागेत, तो बसला होता.

"एकावर आहे, एकावर नाही," प्राची म्हणाली. "म्हणजे फाइल पुण्याच्या मुख्य केंद्राला. तिसरी तपासणी होईपर्यंत दादांचा परवाना अडकणार. निदान तीन महिने. फोटो तर वाचतानाच पाठवावे लागतात, ते केव्हाच गेलेत."

तीन महिन्यांत लाँच दुसऱ्याच्या हातात गेली असती. शिवाय दाखला अडकला हे गावाला कळायला तीन दिवसही लागले नसते. नंतर रूपेश स्वच्छ निघाला तरी मुलांना त्याच्या होडीत बसवताना आया दोनदा विचार करणारच.

हर्षदा पाहुण्याकडे बघत राहिली आणि मग सवयीनं खालून वर वाचू लागली. सगळ्यांत खाली तिची नजर अडली. सेरीन फार दाट होतं. ग्लायसीनही. शेजारच्या कागदावर त्याच जागी बेताचे ठिपके होते. एकाच नळीतले दोन थेंब, मग एकाचंच सेरीन एवढं कसं फुगलं? सेरीन असं दाट उमटतं ते एका ठिकाणी. नव्या माणसांना ती पहिल्याच दिवशी दाखवत असे ते.

घाम.

कोणाचा तरी हात लागला होता. तिला आधी राग आला. ती प्राचीला विचारणार, एवढ्यात तिला रूपेशचं कोपर आठवलं, घसरलेला कागद आठवला आणि आपल्या पावलावर त्याचा झालेला हलका स्पर्शही आठवला. पुढे काय केलं होतं आपण? कागदाला पाय लागला की तो उचलून कपाळाला लावायचा, हे आईनं पाटीवरची अक्षरं यायच्या आधी शिकवलेलं. त्याला विचार लागत नाही. तो कागद फेकून नवा घ्यायला हवा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिनं तो नमस्कार करून परत टेबलावर ठेवला होता, उजव्या उघड्या हातानं, खालच्या कडेला धरून. वर कपाळाचा घामही लावला होता.

म्हणजे रूपेश स्वच्छ होता. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती हसलीसुद्धा. प्राचीनं चमकून पाहिलं. मग ते हसू जागीच विरलं, कारण पाहुणा अजून तिथंच होता आणि तो कोणीतरी आणलेला होता.

"दुपारपर्यंत फाइल पाठवू नकोस," ती प्राचीला म्हणाली.

प्राची गेल्यावर तिनं एक कोरा कागद घेतला. दोन्ही ग्लोव्हज काढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाणूनबुजून तिनं उघडी बोटं कपाळावरून फिरवली आणि कागदाच्या खालच्या रेषेवर दाबून धरली. मग तो टांगला.

द्रावकाला घाई नसते. त्याला वर चढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ बघणाऱ्याला काहीच करता येत नाही. खोलीत बसवेना म्हणून ती बाहेर पडली. जेटीजवळच्या वाचनालयाच्या ओट्यावर पेडणेकर मास्तर पेपर वाचत बसले होते. निवृत्त गणिताचे शिक्षक. तीन वर्षांपूर्वी त्यांचा कागद तिनंच वाचला होता. त्यानंतर मुलांनी त्यांचं बँकेचं पुस्तक काढून घेतलं, घर आपल्या नावावर केलं आणि मागच्या खोलीत त्यांची नीट सोय केली. मास्तर अजून शब्दकोडं पेनानं सोडवत.

"या लुडबेबाई," ते म्हणाले. "अजून ओळखतो तुम्हाला. लिहून ठेवा."

ती त्यांच्या शेजारी बसली. असं ती कधी बसली नव्हती. "मास्तर, एक विचारू? पाहुणा आल्यावर पहिल्यांदा काय बदललं?"

त्यांनी पेपराची घडी केली. "लोक माझ्याशी सावकाश बोलायला लागले. आणि मोठ्यानं. जसे काही कान गेलेत." त्यांनी पेन खिशाला लावलं. "चष्मा पूर्वीही विसरायचो हो मी. बायको ओरडायची, संपलं. आता विसरलो की घरात कोणी ओरडत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. ओरडा खायची सोयच राहिली नाही."

"राग येतो माझा?"

"आधी यायचा. पण तुम्ही काय करणार? कागदच तसा निघाला." मग ते मिश्किल हसले. "एवढं मात्र खरं, की तुम्ही सांगितलंत तेव्हा पाणीबिणी विचारलं नव्हतंत."

तिला ते आठवेना. कदाचित विचारलं नसेल. अशी कितीतरी माणसं तिच्यासमोरच्या खुर्चीवरून उठून गेली होती. तिला एकदम फार लाज वाटली.

ती परतली तेव्हा द्रावक माथ्यापर्यंत पोचला होता. तिनं कागद वाळवला, फवारला आणि भट्टीत सरकवला. खाली आधी बोटांचे माग उमटले, मग सेरीन आलं, गर्द. अ‍ॅलानीन, व्हॅलीन, ल्युसीन आपापल्या जागी आले. सगळ्यांत शेवटी तो आला. रूपेशच्या कागदावर होता तिथंच, त्याच उंचीवर.

हर्षदा खुर्चीत बसली. मागच्या तपासणीत तिचा कागद स्वच्छ होता आणि पुढची अजून वर्षभर लांब होती. तोवर तिच्या कागदाबद्दल कोणी काही विचारणार नव्हतं. फाइल पुण्याला गेली तर रूपेश तीन महिन्यांनी सुटणारच होता. एक लाँच गेली असती, दुसरी कधीतरी मिळाली असती. त्या बदल्यात तिला स्वतःच्या टेबलापाशी एक वर्ष मिळत होतं, आणि त्या वर्षात सगळे तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलणार होते. हा विचार तिनं झटकला नाही. चांगला घोळवला. मोह कसला असतो ते तिला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसत होतं.

मग तिला खुर्चीतून उठता उठता विचारणारा रूपेश आठवला. काय वायट दिसला तर माका सांगतलंस मा?

तिनं प्राचीला हाक मारली आणि तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "रूपेशचा दुसरा कागद रद्द कर. तो खाली पडला तेव्हा उचलताना माझा उघडा हात लागला होता. नियमाप्रमाणे हा माझ्या हाताचा कागद. नळीत नमुना शिल्लक आहे, त्याचा नवा कागद तू चालव. मी त्या खोलीत येणार नाही."

प्राचीनं तिसरा कागद पाहिला आणि हातातला चिमटा टेबलावर ठेवला.

"ताई, कागद जमिनीवर पडला म्हणून रद्द करू ना. पडला तर होताच. हाताचं कशाला काढायचं?"

"पुण्याला फोटो गेलाय. कागद रद्द केला की पाहुणा कुठून आला ते विचारतील. फरशीला पाहुणा येत नाही, प्राची."

दुसऱ्याचा हात लागला तर त्या हाताचा कागद जोडावा, हा नियम पूर्वी हर्षदानंच भांडून घालून घेतला होता. दोघींनाही ते माहीत होतं.

प्राचीचे डोळे भरले. मग ती पुढे झुकून म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "ताई, तुम्ही, आता, घरी जा. मी, सगळं, बघते."

"कान शाबूत आहेत माझे," हर्षदा म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि तिनं प्राचीला पाण्याचा ग्लास भरून दिला.

रूपेशचा नवा कागद स्वच्छ आला. दाखला निघाला आणि तो द्यायला हर्षदा स्वतः जेटीवर गेली. शाळा सुटून गेली होती, मुलांची फेरी झाली होती. रूपेश जुन्या होडीत दोर गुंडाळत होता.

"गावलो दाखलो?" त्यानं ओरडून विचारलं. दाखला हातात घेऊन त्यानं तो दोनदा वाचला. "मगे प्राची काल फोनार अशी कित्या बोलत होती? काय गडबड झाली म्हणान?"

"एका कागदाक हात लागलो होतो. माझो."

"तुझो?" त्याला हसूच आवरेना. "सगळ्या गावाक हात धुवूक लावणारी तू, आणि तुझोच हात लागलो? कसो काय?"

"पायार पडलो. उचलून कपाळाक लावलंय."

"आवशीन शिकवल्यान तसो?"

"तसोच."

तो हसत राहिला. मग दोर गुंडाळणारे त्याचे हात हळूहळू मंदावले. रूपेश फार शिकलेला नव्हता, पण बहिणीचं काम त्यानं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. हात लागला की कागदावर काय उमटतं ते त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"त्या कागदार काय दिसला, ताये?"

"पाहुणो."

"म्हणजे तो..."

"माझो."

पाणी होडीच्या कडेला थापट्या मारत होतं.

"तू गप रवलं असतंस तर कोणाक कळला नसता मा?" त्यानं विचारलं.

"नाय."

"आणि माझी लाँच गेली असती."

"होय."

त्यानं दाखल्याची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. मग दुसरीकडेच बघत म्हणाला, "पयलो माझ्या कागदार इलो मा तो? मगे तेचा काय ता मी बघतलंय. तू घोर लावन घेव नको. आता चल, पाटखोलाक जेवक चल. बांगडे हाडलेसत."

होडीला लावलेली फळी ओली होती. त्यानं हात पुढे केला.

"माका फळी दिसता," ती म्हणाली. "अजून लय वरसा दिसतली."

"दिसता तां माका ठावक आसा. मी सुयेक भियालंय तेवा तू हात धरलंस. धरलंस का नाय?"

हर्षदानं आपल्या हाताकडे पाहिलं. उघडा होता, आणि घामानं ओला झाला होता. तिनं तो तसाच त्याच्या हातात दिला आणि फळीवर पाय ठेवला.